काळ्या गाडीवरचे पाण्याचे डाग

४ एप्रिल, शनिवार

गाडी आली. हिशेबाच्या वहीत तिची ओळ लिहायला घेतली, तर दूध आणि साबणाच्या खाली तो आकडा कसातरीच दिसायला लागला. ती ओळ तशीच सोडून ही कोरी राहिलेली जुनी डायरी काढली. काही गोष्टी हिशेबात बसत नाहीत.

ह्यांनी उभा जन्म बस चालवली. लोकांना लग्नाला, मयताला, परीक्षेला, बाळंतपणाला वेळेवर पोचवलं आणि स्वतः घरी पायी आले. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण सकाळी उठल्यावर हात अजून स्टेअरिंग शोधतात. म्हणून मी एकदाची हो म्हणाले.

ह्यांना काळीच हवी होती. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, काळीला वेळ लागेल. ही गडद निळी तयार उभी आहे." हे गाडीभोवती फेरी मारून आले आणि म्हणाले, "ही काय, काळीच तर आहे. हीच दे." मुलगा माझ्याकडे बघून हसला, मीही हसले. पडतं घ्यावं तर असं, उपकार केल्याचं दाखवू नये. तेव्हापासून जो भेटेल त्याला "काळी गाडी घेतली" म्हणून सांगताहेत आणि मी शेजारी उभी राहून मान डोलावते आहे. चारचौघांत नवऱ्याच्या गाडीचा रंग दुरुस्त करायला मी कोण? शिवाय सावलीत काळी दिसतेही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर एकटीच अंगणात तिच्याजवळ उभी राहिले. रंग पत्र्यावर लावलाय असं वाटतच नाही. विहिरीत वाकून बघावं तसं आत आत दिसत जातं. बॉनेटमध्ये आमचं झाड होतं, झाडावरचा कावळा होता, त्याच्या वर आभाळ, आणि खाली मी. इतकं सगळं एका पत्र्यात मावतं हे मला ठाऊक नव्हतं. हात लावायचं धाडस झालं नाही. नुसते जोडले.

लेकीचा फोन आला. तिची रजा महिनाअखेरीला संपते, नात जेमतेम चार महिन्यांची. तिला सांभाळायला आम्ही जायचं ठरलं आहे. "बाबा, बसने आलात तर उद्याही येऊ शकाल," ती म्हणाली. हे म्हणाले, "जन्मभर बसच चालवत आलो. नातीच्या दारात आता आपल्या गाडीने उतरणार. घाट मला पाठ आहे." लेक हसली. मला फोनवर तिचा थकवा ऐकू आला.

८ एप्रिल, बुधवार

रोज पहाटे प्रार्थना झाली की तांब्यातलं उरलेलं पाणी आधी गाडीच्या चार चाकांवर घालते आणि मग दोन बादल्यांनी तिला न्हाऊ घालते. नळाचं पाणी पिण्याचं. ते गाडीवर ओतलं तर देवाला काय तोंड दाखवू? बोअर आपल्याच अंगणातली आहे, तिला कुणी विचारत नाही. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या बाई म्हणाल्या, फडक्याने पुसलं की नव्या रंगावर ओरखडे येतात. म्हणून पुसत नाही. ऊन पुसतं. कपडे वाळतात तशी गाडी वाळते, आणि फडकंही वाचतं.

हे खुर्ची टाकून बघत बसतात. "कंडक्टर, टपावर राहिलं," म्हणतात. लग्न झाल्यापासून मी कंडक्टर. कारण पैशाची पिशवी माझ्याकडे आणि सुट्टे कधी नसतात.

१२ एप्रिल, रविवार

आज चांगलं ऊन चढल्यावर बाहेर आले आणि पाहिलं. बॉनेटवर, टपावर, दारांवर पांढरी वर्तुळं. काही डाळीएवढी, काही नाण्याएवढी. जणू कुणी चुन्यात बोटं बुडवून रात्रभर मोजदाद केली. ओल्या फडक्याने पुसलं तर गेली असं वाटलं, आणि वाळताच परत आली.

ह्यांना हाक मारली. ते वाकले, इतके की नाक पत्र्याला टेकायचं बाकी राहिलं. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा चढवला.

"पांढुरकं दिसतंय खरं," म्हणाले. "सगळीकडेच आहे."

"सगळीकडे नाही हो. मागे डिकीवर अगदी कमी आहे."

"तुला कमी वाटतं. सगळीकडे आहे."

मला वाटलं आता ओरडतील. नव्या गाडीचं आठ दिवसांत मी हे करून ठेवलं. पण त्यांचा आवाज अगदी हलका होता, ओझं खाली ठेवल्यावर होतो तसा. "तुलाही दिसतंय ना?" म्हणाले. "मग झालं. आपण काढू डाग."

संध्याकाळी ह्यांनी लेकीला फोनवर सांगितलं, "डाग गेल्याशिवाय मी गाडी गावाबाहेर काढायचा नाही. अशी माखलेली गाडी घेऊन तुझ्या दारात येऊ?" मला शब्दानेही बोलले नाहीत. एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाबरोबर संसार झाला याचं आज फार वाटलं.

१३ एप्रिल, सोमवार

चहाची किटली घासताना हात थांबला. किटलीच्या बुडाशी जो पांढरा थर बसतो तोच गाडीवर आहे. तेच बोअरचं जड पाणी.

१५ एप्रिल, बुधवार

आज घरातली कामं बाजूला ठेवून एक वेडेपणा केला. बोअरच्या पाण्याचा एक थेंब बोटाने बॉनेटवर ठेवला आणि समोर पाटावर बसून राहिले. नुसती बघत.

आधी तो मण्यासारखा गोल होता. त्यात अख्खं आभाळ उलटं. मग कडेकडेने बसत गेला. आभाळ लहान लहान झालं. मधे पाणी शिल्लक असतानाच कडेला एक बारीक पांढरी रेघ उमटली, नखाच्या कोरीसारखी. मग पाणी दिसेनासं झालं. कधी गेलं ते नीट बघत असूनही कळलं नाही. मागे ते वर्तुळ राहिलं. नखाने खरवडलं तर खरखर लागली.

म्हणजे दगड पाण्यातच होता. आपल्याला दिसत नाही, इतका विरघळून. जमिनीखाली कुठल्या खडकाला धरून ते पाणी किती काळ होतं कोण जाणे, आणि त्याला जराशी चव लागावी तसा खडक लागला. ते वर आणून मी गाडीवर ओतलं. ऊन पाणी घेऊन गेलं आणि दगड माझ्यासाठी ठेवून गेलं. मी इतकी वर्षं स्वच्छ दिसतं म्हणून स्वच्छ समजत होते.

हे आतून म्हणाले, "अगं, चहा?" चहा टाकायची वेळ टळून गेली होती. आयुष्यात पहिल्यांदा.

१६ एप्रिल, गुरुवार

किटलीला जे चालतं ते गाडीला चालतं. पण आधी मागच्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी करून पाहिलं. गाडी सावलीत घेतली, पत्रा गार होऊ दिला, धूळ धुऊन काढली. पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी. त्यात मऊ फडकं भिजवून डागावर नुसतं ठेवायचं. घासायचं नाही. वाळायच्या आत उचलायचं आणि लगेच धुऊन कोरडं करायचं.

धुवायला बोअरचं पाणी पुन्हा कसं घेणार? वरच्या बाईंच्या एसीची नळी आमच्या अंगणात ठिबकते. तिच्याखाली बादली लावून ठेवली होती. बाई गॅलरीतून म्हणाल्या, "आमच्या एसीच्या पाण्याचं काय करणार?"

"गाडीची शेवटची आंघोळ."

"शेवटची म्हणू नका हो, नवी आहे."

ते पाणी हवेतून पिळून निघालेलं, त्यात दगड नाही. थेंब वाळवून खात्री केली. मागे काहीसुद्धा उरलं नाही.

फडकं उचललं आणि डाग नव्हता. तिथे झाडाची फांदी होती, फांदीवर पान, पानावर मुंगी. मी मागे वळून पाहिलं, तर खरोखर त्या पानावर मुंगी होती.

१८ एप्रिल, शनिवार

बॉनेट, टप आणि डाव्या बाजूची दोन्ही दारं झाली. हात दुखतात, पण दुखण्याकडे लक्ष जात नाही. ह्यांना बोलावून दाखवलं.

बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "अजून आहेत."

"कुठे?"

"इथे नाही का? आणि हे, इथे सगळं धुरकट."

मी सगळ्या बाजूंनी वाकून पाहिलं. मला काही म्हणजे काही दिसलं नाही. तेव्हा लक्षात आलं, माझी नजर ती काय, तांदूळ निवडणाऱ्या बाईची. ह्यांनी धुक्यातून, पावसातून, रात्रीच्या घाटातून बस काढलेल्या. रस्त्यावरच्या खड्ड्याच्या आधी त्यांना खड्ड्याची सावली दिसायची असं त्यांचा जुना कंडक्टर सांगायचा. त्या डोळ्यांना जे दिसतं ते मला दिसायचं नाही. मनात त्यांच्या नजरेला नमस्कार केला आणि पुन्हा फडकं भिजवलं.

जेवताना ताकाचं भांडं पेल्याच्या शेजारी ओतलं त्यांनी. जीव सगळा गाडीत अडकलेला.

१९ एप्रिल, रविवार

इंजिनाला सवय राहावी म्हणून संध्याकाळी बाजारापर्यंत फेरी मारून आलो. माझा मान केवढा वाढला ते सांगते. मला पुढे बसवलं आणि म्हणाले, "कंडक्टर, पाट्या वाचत चल. सिग्नल सांगत चल." मी वाचत गेले. दवाखाना, डावीकडे शाळा, पुढे अरुंद पूल, सिग्नल लाल, आता हिरवा. इतक्या वर्षांत कधी मला त्यांच्या कामात घेतलं नव्हतं. ऊन समोरून येत होतं. ते पुढे झुकून, काचेला जवळजवळ नाक लावून चालवत होते आणि मी बोलत होते, आणि मला वाटलं आम्ही दोघं मिळून एकच माणूस झालो आहोत.

पुलापाशी एक सायकलवाला एकदम समोर आला. मी "अहो" म्हणाले आणि ब्रेक लागला. तो नको ते बोलत निघून गेला. "कुठून उगवला हा?" हे म्हणाले. तो बराच वेळ पुढेच चालला होता खरं तर. पण मी गप्प बसले. देवाने वाचवलं.

परत येताना त्यांनी पाट्या वाचायला सांगितलं नाही. मीच वाचत आले.

२२ एप्रिल, बुधवार

कोपऱ्यावर गाड्या धुणारा, पॉलिश करणारा एक जण दुकान टाकून बसला आहे. स्वतःची स्कूटर चिखलाने माखलेली, बोलायला मात्र भारी. त्याला घरी बोलावलं. तो टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरला.

"काकू, डाग कुठे आहेत?"

"सगळीकडे आहेत."

"तुम्हाला दिसतात?"

"मला नाही. ह्यांना दिसतात."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीतून आत ह्यांच्याकडे. "काही नाही हिच्यावर. मी तर म्हणतो कोटिंग करून घ्या, पाच वर्षं बघायला नको." मी म्हटलं, कोटिंग नको, डाग काढ. तेव्हा वैतागून म्हणाला, "नसलेले कसे काढू? डोळ्यांवर विश्वास नसेल तर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घाला आणि फिरवा. बारीक कण असला तरी बोटाला लागतो. आणि आता घासू नका हं. रंगाच्या वर पारदर्शक थर असतो, कागदापेक्षा पातळ. तो गेला की आत काय दिसतं ते सगळं गेलं."

म्हणजे ती विहीर, ते झाड, ते आभाळ, सगळं कागदाहून पातळ थरात राहतं.

पण त्याने कुठे बस चालवली आहे? त्याला डाग न दिसणं साहजिक आहे.

२३ एप्रिल, गुरुवार

लेकीचा फोन. बाळ रात्रभर रडलं होतं. "आई, आठवडा राहिला. डागांसकट या ना. मला काय करायचंय गाडीच्या तोंडाशी?" आणि मग ती गप्प झाली. फोनवर ती गप्प झाली की मला ती सहा वर्षांची दिसते.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "डाग आहेत. नाही जाता येणार."

"किती आहेत आता?"

"होते तेवढेच."

मला काय झालं कुणास ठाऊक. बाजारातून आणलेलं पॉलिश घेतलं आणि बॉनेटवर ते दाखवतात त्या जागी घासायला लागले. हलक्या हाताने सुरुवात केली आणि मग हात हलका राहिला नाही. थांबले तेव्हा तळहाताएवढी जागा मुकी झाली होती. सगळीकडे झाड दिसतं, तिथे दिसत नाही.

देवासमोर बसले, पण काय मागावं ते सुचेना. डाग जाऊ दे म्हणावं, तर माझ्या डोळ्यांपुढे डागच नाही. नसलेल्या वस्तूसाठी प्रार्थना कशी करतात?

२४ एप्रिल, शुक्रवार

सकाळी भाजीची पातळ पिशवी धुऊन वाळवली, हातात घातली आणि गाडीवरून फिरवली. त्या पॉलिशवाल्याने जे सांगितलं ते खरं. पिशवीतून बोटांना असं कळतं की विश्वास बसत नाही. मी मुद्दाम न साफ केलेल्या खालच्या पट्टीवरून हात नेला, तर वाळूच्या कागदासारखं लागलं. मग बॉनेट, मग टप, मग दारं. काही नाही. साबण लावल्यासारखा हात घसरत गेला. काल घासलेली मुकी जागासुद्धा गुळगुळीत. बोटाला जराही अडथळा नाही.

मला इतका आनंद झाला की तशीच आत गेले. "चला बाहेर. हात द्या."

"कशाला?"

"द्या तर खरं."

पिशवी त्यांच्या हातात घातली. हाताला स्टेअरिंगचे घट्टे अजून आहेत. "आता डाग दाखवा. डोळ्यांनी नको, हाताने."

त्यांनी हात ठेवला. फिरवला. बॉनेटवरून मडगार्डवर, तिथून दारावर, पुन्हा बॉनेटवर. हळूहळू, अंधाऱ्या रस्त्यावर गाडी मागे घेतात तसे. मध्येच थांबून म्हणायचे, "इथे आहे," आणि बोटं तिथून पुढे मागे जायची.

"लागतो का?"

"गुळगुळीत आहे," ते म्हणाले. "सगळी गुळगुळीत आहे."

"मग तुम्हाला दिसतो तो डाग आहे तरी कुठे?" मी विचारलं. देवाशपथ टोमणा नव्हता. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्यांनी पिशवी काढून नीट घडी केली. चष्मा काढला. या वेळी पुसला नाही. माझ्याकडे बघत राहिले.

"तुझ्या तोंडावरही आहे," म्हणाले.

"काय?"

"तेच. पांढुरकं."

मी गाल पुसायला हात उचलला. आणि तो गालापर्यंत गेला नाही.

२५ एप्रिल, शनिवार

डोळ्यांचे डॉक्टर म्हणजे कोवळी मुलगी. ह्यांना "आजोबा" म्हणाली, तर हे चक्क चिडले नाहीत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मला वाटायचं मोतीबिंदू सासूबाईंच्या वयाला होतो. मग मोजलं, तर आम्ही त्या वयाला कधीच पोचलो आहोत.

तिने मला पडद्यावर दाखवलं. डोळ्यात वाटाण्याएवढं भिंग असतं. त्यातून आत जायचं ते सगळं आत जातं, आभाळ, पाट्या, माणसं. देवाने एवढीशी जागा ठेवली आणि सगळं जग त्यातून यायला सांगितलं. ह्यांचं भिंग पाण्यात दूध पडावं तसं झालेलं. मी विचारलं, पुसून निघत नाही का? डॉक्टर म्हणाली, "नाही आजी, ते आतूनच बदललेलं असतं. काढून नवीन बसवतो." म्हणजे इथे फडकं चालत नाही.

ह्यांनी एकच विचारलं, "नोकरीत असताना होतं का हे?"

ती म्हणाली, सांगता येणार नाही, फार हळूहळू होतं. शेवटची तपासणी चांगली निघाली होती ना? ती निघाली होती. तरी अंगणात आल्यावर म्हणाले, "तो सायकलवाला." आणि बऱ्याच वेळाने, "बसमध्ये पन्नास माणसं असायची."

मग खुर्चीत बसून सगळं बोलले, माझ्याकडे न बघता. आधी वाटलं समोरची काच घाण आहे. मग वाटलं चष्मा. रात्री समोरच्या दिव्यांना झालर दिसायची, ती त्यांना नव्या दिव्यांची तऱ्हा वाटली. "मनात एक भीती होती. पण तू त्या दिवशी डाग म्हणालीस ना, तेव्हा इतकं बरं वाटलं. म्हटलं, हिलाही दिसतंय. म्हणजे गाडीवरच आहे."

मी त्यांच्या नजरेला नमस्कार केला होता, तो परत घेतला नाही. कसा घेणार? एवढं धुकं असून त्यांनी मला कधी धडकवलं नाही.

२७ एप्रिल, सोमवार

बसने आलो. गाडीवर जुन्या चादरी घातल्या, चारी टोकांना विटा ठेवल्या.

हे आयुष्यात पहिल्यांदा प्रवासी म्हणून घाट चढले. मी खिडकीशी, ते शेजारी, डोळे मिटलेले. मला वाटलं झोपले. पण तोंडाने बारीक आवाजात चाललं होतं. "आता गिअर बदलेल." बदलला. "आता डावीकडे झोक, मग कठडा, मग गार वारा येईल." झोक आला, खिडकीतून कठडा गेला आणि खरोखर वारा गार झाला. अख्खा घाट त्यांनी मिटल्या डोळ्यांनी मला वाचून दाखवला, एकही वळण चुकलं नाही. एका वळणावर म्हणाले, "हा घाई करतोय," आणि पुढच्या क्षणाला ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. माझ्या पुढच्या बाकावरच्या बाई वळून बघायला लागल्या.

देवा, माणसात तू काय काय भरून ठेवतोस आणि कुठे कुठे.

लेक दारात बाळाला घेऊन उभी. "बाबा, गाडी कुठे आहे?"

"न्हाऊ घालून, पांघरूण घालून झोपवली आहे. आता मालकाला जरा पॉलिश करायचंय."

तिला फोनवर सगळं सांगून झालं होतं. तरी हसता हसता तिचे डोळे भरले, आणि तिने बाळ त्यांच्या हातात दिलं.

१० मे, रविवार

काल इथल्याच दवाखान्यात उजवा डोळा झाला. मी बाहेर बाकावर जप करत बसले होते, जप अर्धाही झाला नाही तोवर बाहेर आणलं. मला वाटलं काहीतरी राहून गेलं म्हणून आणलं, तर झालंसुद्धा.

आज सकाळी पट्टी काढली. घरी येऊन आधी नातीपाशी गेले. ती पालथी पडून मान उचलत होती. हे खाली बसले, एक डोळा मिटला, उघडला.

"अगं," म्हणाले, "हिला भुवया आहेत."

"मग काय बाबा, काढून ठेवल्या होत्या?" लेक म्हणाली.

ते हसले नाहीत. कितीतरी वेळ त्या दोन बारीक रेघांकडे बघत होते.

२४ मे, रविवार

दुसरा डोळा पुढच्या आठवड्यात. जावईबापूंनी रजा घेऊन बाळाला सांभाळलं आहे, म्हणून चार दिवस घरी आलो. अजून गाडी चालवायला परवानगी नाही. ह्यांनी स्वतःच किल्ली माझ्याकडे दिली आहे, पैशाच्या पिशवीत.

सकाळी प्रार्थना झाल्यावर मी विटा काढल्या. एक चादर ओढली, दुसरी ओढली. ऊन नुकतंच अंगणात उतरलं होतं. हे पायरीवर उभे होते, ते पायरीवरच राहिले.

"ही कुणाची गाडी?"

"आपली. दुसरी कुणाची असणार?"

ते खाली आले. चष्म्याशिवायच. एक डोळा हाताने झाकला, मग तो उघडून दुसरा झाकला. असं दोन-तीनदा केलं. शेवटी डावा झाकून उभे राहिले.

"ही निळी आहे," ते म्हणाले.

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. मला वाटलं तुम्ही पडतं घेतलंत."

ते गाडीभोवती फिरायला लागले, दुकानात फिरले होते तसेच, पण पावलापावलावर थांबत. मीही पाहिलं. मी रोज बघत होते ती निळी, आणि तरी आज त्यांच्या मागून चालताना ती मला पहिल्यांदा दिसली. नुसती निळी नाही. कडेला जवळजवळ जांभळी, उन्हात गेली की आतून पेटल्यासारखी, आणि खाली सावलीत, तिथे ती खरोखर काळी होती. ह्यांचं अगदीच चुकलं नव्हतं.

बॉनेटपाशी थांबले. मुक्या जागेवर तळहात ठेवला. बरोबर त्यांच्या हाताच्या मापाची आहे. "हे काय?"

"मी घासलं ते."

त्यांनी हात तिथून पटकन उचलला नाही.

मग आरशाजवळ गेले, वाकले, पण नाक टेकवलं नाही. लांबूनच बोट दाखवलं.

"इथे एक डाग राहिलाय."

मी जवळ गेले. आरशाच्या देठाशी, जिथे फडकं नीट पोचत नाही, मोहरीएवढं एक पांढरं वर्तुळ. नखाने पाहिलं, खरखर लागली. खरंच होता. इतक्या दिवसांत मला दिसला नव्हता.

मी व्हिनेगरची बाटली आणायला वळले.

"राहू दे ना," ते म्हणाले. "आजचा दिवस तरी. मला बघू दे."

खुर्ची आणून दिली. ते त्या डागासमोर बसले आणि मी त्यांच्या शेजारी पायरीवर. चहा उशिरा झाला.